जुन्या गाडीत वेगळं इंजिन-गिअरबॉक्स बसवताय? मग मागच्या चाकापासून सुरुवात करा

जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचं ठरलं की सगळे आधी इंजिन बघायला धावतात, किती सीसी, किती पॉवर, कार्ब्युरेटर का इंजेक्शन, आणि ते एकदा घरी आणून स्टँडवर लावलं की मग प्रश्न सुरू होतात की आता याच्या मागे काय लावायचं. खरं सांगतो, इंजिन बसवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे, दोन माउंटिंग बनवली, सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, क्रॉसमेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीला, लागत नाही एवढं बघितलं की ते बसतं. घोडं अडतं ते इंजिनाच्या मागे. क्रँक आणि फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक), फ्लायव्हील आणि क्लच, क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, त्या शाफ्टचं टोक आणि पायलट बेअरिंग (क्रँकच्या मागच्या भोकातलं छोटं बेअरिंग), ब्लॉक आणि बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं कवच), बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स, गिअरबॉक्स आणि चासी, आउटपुट शाफ्ट आणि योक (त्यावर सरकणारा दुहेरी कानांचा तुकडा), योक आणि क्रॉस (वाकणाऱ्या जोडातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा), शेवटी प्रोपेलर शाफ्ट आणि डिफ (मागच्या ॲक्सलमधलं डिफरेन्शियल). दहा जागा झाल्या, आणि प्रत्येक जागी दोन वेगळ्या गाड्यांचे पार्ट समोरासमोर येतात ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

म्हणून मी एक वही करतो, प्रत्येक जोडाला एक पान, डाव्या बाजूला एका पार्टची मापं आणि उजव्या बाजूला दुसऱ्याची, आणि दोन्ही बाजू भरल्याशिवाय त्या जोडासाठी काहीही विकत घ्यायचं नाही. हे सगळं पुढे इंजिन आणि मागे ड्राइव्ह असलेल्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे बहुतेक क्लासिक गाड्या.

तर सुरुवात मागच्या चाकापासून. आधी टायर एका फेरीत किती अंतर जातो ते मोजा. टायरवर खडूने खूण करा, जमिनीवर खूण करा, गाडी ढकलून एक पूर्ण फेरी करा आणि टेपने मोजा, कारण गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो आणि पुस्तकातल्या व्यासावरून काढलेला आकडा जरा जास्त येतो. मग डिफचा रेशो. डिफवर पत्र्याची पट्टी असेल तर ठीक, पण पन्नास वर्षांत कोणी डिफ बदललं नसेलच याचा काय भरवसा, त्यामुळे फिरवून बघाच. दोन्ही मागची चाकं उचला, गिअर न्यूट्रल, आणि दोन्ही चाकं एकाच दिशेला बरोबर एक फेरी फिरवा, शाफ्ट जितक्या फेऱ्या फिरला तो रेशो. एकट्याने करत असाल आणि डिफ साधं असेल, लॉकिंगवालं नसेल, तर एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं दोन फेऱ्या फिरवा, उत्तर तेच येतं. साडेतीनच्या जरा पुढे म्हणजे ३.५५, चारच्या जरा पुढे म्हणजे ४.११, असं ओळखता येतं, पक्कं हवं असेल तर कव्हर उघडून क्राउन आणि पिनियनचे, म्हणजे डिफमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचे, दाते मोजा.

आता हिशोब. समजा टायर एका फेरीत २.०७ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला साधारण १६६७ मीटर, म्हणजे चाकाच्या मिनिटाला ८०५ फेऱ्या. डिफ ३.५५ असेल तर शाफ्ट २८५० च्या आसपास फिरेल, आणि चौथा गिअर १.०० असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये इंजिनही तेवढंच फिरेल. त्याच गाडीत टी-५ सारखा पाच गिअरचा बॉक्स टाकला, ज्याच्या एका नेहमी मिळणाऱ्या सेटमध्ये पहिला ३.३५ आणि पाचवा ०.६८ आहे, तर पाचव्यात इंजिन १९४० वर येतं, हायवेला एकदम निवांत. पण हाच बॉक्स २.७३ च्या डिफला लावला तर पाचव्यात १५०० पण राहत नाही, आणि बऱ्याच जुन्या कॅमशाफ्टची इंजिनं तिथे धडधडतात, ओढत नाहीत, म्हणजे पैसे देऊन आणलेला पाचवा गिअर वापरताच येत नाही. उलट ४.११ ला लावला तर पहिल्या गिअरचा एकूण रेशो ३.३५ गुणिले ४.११ म्हणजे १३.८ होतो, गाडी हलली न हलली की दुसरा टाकावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये एकूण १० ते १२ च्या दरम्यान आलं की मला बरं वाटतं, भरपूर टॉर्क असलेलं व्ही-८ असेल तर ९ पण चालतं.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे एमजीबी. साध्या चार सिलिंडरच्या एमजीबीचं डिफ ३.९ चं, आणि त्याच गाडीत कंपनीनेच १९७३ ला रोव्हरचं साडेतीन लिटर व्ही-८ बसवून एमजीबी जीटी व्ही-८ काढली तेव्हा डिफ ३.०७ चं केलं. इंजिन बदललं की मागचा रेशो बदलणार हे कंपनीने धरूनच चालायचं ठरवलं होतं, आपणही तसंच धरावं.

रेशोबरोबर ताकदीचाही हिशोब इथेच करून टाका. शाफ्टवर येणारा टॉर्क म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले पहिला गिअर. जुनं इंजिन १५० न्यूटन मीटरचं आणि पहिला ३.४ असेल तर शाफ्टवर ५१० येत होते, आता ४०० चं इंजिन आणि ३.३५ चा पहिला म्हणजे १३४०. अडीच पटीपेक्षा जास्त. डिफचे दाते, डिफपासून चाकापर्यंतचे हाफ शाफ्ट, क्रॉस हे सगळं त्या ५१० साठी बनलेलं आहे. बारीक टायरवर चाक आधी घसरतं म्हणून डिफ वाचतं, पण रुंद टायर टाकले की तोही बचाव जातो. मागचा पूर्ण ॲक्सलच बदलायची वेळ आली तर ती आत्ता ठरवा, शाफ्ट बनवून झाल्यावर नाही. आणि ब्रेक, ते तर धरलेच पाहिजेत.

मागचं ठरलं की गिअरबॉक्स निवडा, इंजिन अजूनही नाही. गिअरबॉक्सची तीन मापं बघायची, एकूण लांबी, बेल हाउसिंगच्या तोंडापासून गिअर लिव्हर किती मागे, आणि तिथूनच गिअरबॉक्सचं माउंटिंग किती मागे. लिव्हर सीटच्या खाली किंवा डॅशबोर्डच्या आत निघाला तर टनेल, म्हणजे गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा, कापण्यात महिना जातो. एकाच नावाच्या गिअरबॉक्सला वेगवेगळ्या टेल हाउसिंग, म्हणजे मागची कवचं, असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, शेव्हर्ले एस-१० पिकअपमधल्या टी-५ चा लिव्हर कमॅरोमधल्या टी-५ पेक्षा बराच पुढे असतो, आणि ज्या जुन्या गाड्यांत सीट पुढे असते, तिथे तो फार उपयोगी पडतो. टनेलमध्ये पुठ्ठ्याचं डमी करून ठेवून बघा, पुठ्ठा कापायला पाच मिनिटं लागतात.

माझं ठाम मत असं की जमेल तर इंजिन, फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, सेल्फ (स्टार्टर) आणि पुढचा योक हे सगळं एकाच गाडीतून उतरवलेलं घ्या, बोल्टसकट. दहापैकी सहा-सात जोड तिथेच सुटतात. थोडं महाग पडलं तरी घ्या, कारण सुटे सुटे गोळा करून शेवटी तेवढेच पैसे जातात आणि वर डोक्याला ताप. पण तसं प्रत्येक वेळी मिळत नाही, आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो, म्हणून आता एकेक जोड घेऊ.

बेल हाउसिंग. ब्लॉकच्या मागच्या तोंडावरचे भोकं जुळले पाहिजेत हे तर दिसतंच, पण नाव तेच म्हणजे भोकं तीच असं नसतं. फोर्डच्या छोट्या व्ही-८ ला सुरुवातीला बेल हाउसिंगचे पाच बोल्ट होते आणि १९६५ च्या मॉडेलपासून सहा झाले, दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. शेव्हर्लेच्या बाबतीत उलट, १९५५ पासूनचा स्मॉल ब्लॉक, म्हणजे त्यांचं छोटं व्ही-८, आणि त्यांचा मोठा बिग ब्लॉक दोन्हींचं बेल हाउसिंगचं पॅटर्न एकच, म्हणून त्या इंजिनांवर इतके स्वॅप होतात. भोकं जुळत नसतील तर ॲडाप्टर प्लेट लागते, आणि प्लेट आली की तिच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागे जातो, म्हणजे इनपुट शाफ्टचं टोक पायलटमधून तेवढं बाहेर येतं, क्लच प्लेट स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या लांब दात्यांवर, तेवढी पुढे जाते, आणि सेल्फ कुठे लागतो त्यावर त्याचे दाते पण रिंग गिअरपासून, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या दात्यांपासून, लांब जाऊ शकतात. प्लेटबरोबर लांब पायलट बुश आणि फ्लायव्हीलचा स्पेसर मिळत असेल तरच ती प्लेट पूर्ण, नाहीतर तो नुसता पत्रा आहे.

यानंतरची गोष्ट जवळपास सगळे सोडून देतात आणि माझ्या मते पूर्ण कामातली ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे. बेल हाउसिंगचं मधलं गोल भोक, ज्यात गिअरबॉक्सची पुढची कॉलर बसते, ते क्रँकच्या बरोबर मध्यावर आहे का. फ्लायव्हील लावा, त्यावर मॅग्नेटवाला डायल गेज बसवा, त्याचं बोट त्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने एक पूर्ण फेरी फिरवा आणि काटा कुठून कुठे जातो ते लिहा. एकूण फरक ०.१३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पाच थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त नको. जास्त आला तर ऑफसेट डॉवेल, म्हणजे बेल हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या थोड्या सरकवलेल्या पिना, मिळतात, ७, १४ आणि २१ थाऊचे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, गेज जो फरक दाखवतो तो खऱ्या सरकण्याच्या दुप्पट असतो, म्हणजे काटा १४ थाऊ फिरला तर डॉवेल ७ चा लावायचा. डॉवेल फिरवून परत मोजायचं, असं दोन-तीनदा केलं की येतं. भोकाबरोबर बेल हाउसिंगचं मागचं तोंडही गेजने बघा, ते क्रँकला काटकोनात नसेल तर गिअरबॉक्स तिरका बसतो.

मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. बेल हाउसिंग दुसरीकडून आणलेलं होतं, डॉवेल नव्हतेच त्यात, विकणारा म्हणाला बोल्ट घट्ट केले की पुरे, आणि मी ऐकलं. काही हजार किलोमीटरमध्ये पायलट बेअरिंग गेलं, पुढच्या बेअरिंगमधून किणकिण आवाज, गिअर चौथ्यातून सुटायला लागला. गिअरबॉक्स दोनदा उतरवला, दोनदा बेअरिंग बदलले, आणि तिसऱ्यांदा गेज लावला तेव्हा काटा तीस थाऊ फिरला. बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, बोल्ट फक्त दाबून धरतात, मध्यावर आणायचं काम डॉवेलच करतात. डॉवेलशिवाय बेल हाउसिंग कधीच लावू नका.

फ्लायव्हीलकडे चार गोष्टी बघायच्या, क्रँकला लागणारे बोल्ट, बॅलन्स, रिंग गिअरचे दाते आणि क्लचचा व्यास. शेव्हर्ले स्मॉल ब्लॉकमध्ये १९८५ पर्यंत मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं आणि क्रँकच्या बोल्टचं वर्तुळ ३.५८ इंच होतं, १९८६ पासून सील एका तुकड्याचं झालं आणि वर्तुळ ३ इंच, म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी दोन ३५० (घन इंच) इंजिनं आणि एकाचं फ्लायव्हील दुसऱ्याला लागतच नाही. हे निदान लगेच कळतं तरी. बॅलन्सचं कळत नाही आणि तेच जास्त घातक. काही इंजिनांचा क्रँक स्वतःमध्ये पूर्ण बॅलन्स असतो, काहींचा थोडा हिस्सा फ्लायव्हीलवर आणि क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परवर वजन देऊन केलेला असतो. फोर्ड ३०२ चं जुनं इंजिन २८ औंस-इंचाचं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं ५० औंस-इंचाचं, दोन्ही फ्लायव्हील दोन्ही क्रँकवर सहज लागतात आणि चुकीचं लागलं तर इंजिन इतकं थरथरतं की मेन बेअरिंग जातात. शेव्हर्ले ४०० स्मॉल ब्लॉक पण असाच बाहेरून बॅलन्स केलेला. त्यामुळे इंजिन कोणत्या वर्षाचं आहे ते व्हॉल्व्ह कव्हरच्या स्टिकरवरून ठरवू नका, ब्लॉक आणि क्रँकवरचा कास्टिंग नंबर वाचा.

दात्यांचं असं की शेव्हर्लेत १५३ दात्यांचं छोटं फ्लायव्हील आणि १६८ दात्यांचं मोठं, दोघांचे सेल्फ वेगळे, एकाचे बोल्ट सरळ रेषेत आणि दुसऱ्याचे तिरके. आधी सेल्फ आणि फ्लायव्हीलची जोडी जुळवा, मग ते फ्लायव्हील बेल हाउसिंगच्या आत मावतं का ते बघा. एलएस इंजिनात, म्हणजे शेव्हर्लेच्या नव्या पिढीच्या व्ही-८ मध्ये, अजून एक गंमत आहे, बहुतेक एलएसच्या क्रँकचं मागचं तोंड जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा ०.४ इंच, म्हणजे १० मिलिमीटर आत असतं, म्हणून जुना गिअरबॉक्स लावताना तेवढा स्पेसर किंवा त्यासाठीच बनवलेलं फ्लायव्हील लागतं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या, आणि भोकं आरपार क्रँककेसमध्ये जात असतील तर आट्यांना सीलंट लावा, नाहीतर तेल क्लचवर येतं.

क्लच प्लेटचा नियम सोपा आहे, बाहेरचा व्यास फ्लायव्हील ठरवतं आणि मधले दाते गिअरबॉक्स ठरवतो. जीएमच्या, म्हणजे शेव्हर्लेच्या मूळ कंपनीच्या, बऱ्याच बॉक्सना २६ स्प्लाइनचा सव्वा इंचापेक्षा एक सूत कमी, म्हणजे १.१२५ इंचाचा इनपुट शाफ्ट, फोर्डच्या टी-५ ला १० स्प्लाइनचा १.०६२५ इंचाचा. म्हणून जीएमच्या फ्लायव्हीलवर फोर्डचा गिअरबॉक्स लावायचा तर बाहेरून जीएमची आणि आतून फोर्डची अशी प्लेट लागते, आणि तशा तयार मिळतात. प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघा, अडकायला नको आणि लटपटायलाही नको. मग प्लेट फ्लायव्हीलवर धरून फिरवा, मधल्या हबच्या स्प्रिंग फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना लागत नाहीत ना ते बघा, स्पेसर टाकला असेल तर हे नक्की बघा.

पायलट बेअरिंगचा बाहेरचा व्यास क्रँकचा आणि आतला गिअरबॉक्सच्या टोकाचा. दोन्ही व्हर्नियरने मोजून घ्या, आणि खोली पण. क्रँकमधल्या भोकाच्या तळाशी प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवा, गिअरबॉक्स पूर्ण बसवा, काढा, आणि गोळा किती दबला ते बघा. टोक तळाला टेकत नसेल, निदान दोन-तीन मिलिमीटर मोकळे असतील, आणि बेअरिंगच्या पूर्ण रुंदीतून शाफ्ट गेला असेल तर झालं.

आणि हे कृपया पाळा, गिअरबॉक्स हाताने पूर्ण आत बसला पाहिजे. चार-पाच मिलिमीटर फट राहिली तर बोल्टने खेचू नका. फट राहिली म्हणजे काहीतरी कुठेतरी टेकलंय, टोक तळाला, किंवा स्प्लाइन, किंवा पायलट लहान पडतंय. बोल्टने खेचलं की बेल हाउसिंगचे कान तुटतात, नाहीतर क्रँक कायम पुढे ढकललेला राहतो आणि थ्रस्ट बेअरिंग खाऊन टाकतो, आणि ते कळेपर्यंत इंजिन उघडायची वेळ येते. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लटकतही ठेवू नका, चहाला जायचं असलं तरी खाली जॅक लावून जा.

क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगला क्लचच्या बोटांपासून जागा हवी. हायड्रॉलिक बेअरिंग इनपुट शाफ्टभोवती बसणारं असेल तर साधारण ४ ते ५ मिलिमीटर फट ठेवतात, म्हणजे प्लेट झिजून बोटं मागे आली तरी ते तळाला टेकत नाही, फट कमी-जास्त करायला शिम मिळतात. पेडलच्या मास्टर सिलिंडरचा बोअर पण हिशोबाने घ्या, १९ मिलिमीटरचा सिलिंडर २५ मिलिमीटर ढकलला की साधारण ७ मिलिलिटर तेल जातं, १६ चा घेतला तर ५ च. बेअरिंगला ६ लागत असेल तर १६ वाल्याने क्लच पूर्ण सुटणार नाही आणि तुम्ही एअर काढत बसाल.

ऑटोमॅटिक टाकत असाल तर वेगळीच काळजी. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा डबा, गिअरबॉक्समध्ये फिरवत फिरवत आत ढकलायचा, तो टप्प्याटप्प्याने दोन-तीन वेळा खटकन आत जातो, आणि पूर्ण बसला की मगच गिअरबॉक्स इंजिनाला लावायचा. बेल हाउसिंग टेकलं की कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (फ्लायव्हीलच्या जागी लागणारी पातळ प्लेट) सूत-दीड सूत फट पाहिजे, ३ ते ५ मिलिमीटर, आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळताना पंप फुटतो. शेव्हर्लेचा ७००आर४ ऑटोमॅटिक असेल तर थ्रॉटलला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल बरोबर लावल्याशिवाय गाडी एक फर्लांग पण चालवू नका, त्या केबलवर आतलं प्रेशर ठरतं, ती चुकली की क्लच जळतात, आणि कार्ब्युरेटर बदलला की केबलची भूमिती बदलते म्हणून त्यासाठी ब्रॅकेट मिळतात ते घ्या.

आता सगळं गाडीत. रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स चालेल, वजन कमी असतं. गाडी चाकांवर उभी पाहिजे, स्प्रिंगवर पूर्ण वजन, स्टँड लावायचे तर ॲक्सलखाली लावा, चासीखाली नाही, नाहीतर ॲक्सल लटकतो आणि सगळे कोन खोटे येतात. ओळंबा लावून चासीची मधली रेषा जमिनीवर काढा. इंजिन त्या रेषेवरच पाहिजे असं नाही, कितीतरी गाड्यांत स्टिअरिंगसाठी इंजिन एका बाजूला सरकवलेलं असतं, फक्त ते रेषेला समांतर पाहिजे.

क्रॉस असलेल्या शाफ्टची गंमत अशी की जोड तिरका असला की शाफ्ट एका फेरीत दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो, इंजिन कितीही एकसारखं फिरत असलं तरी. मागचा जोड तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही योक एका रेषेत असतील तर मागचा जोड पुढच्याचं ते वर-खाली रद्द करतो. म्हणून गिअरबॉक्सच्या आउटपुटची रेषा आणि डिफच्या पिनियनची रेषा समांतर हवी. समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरतोय, शाफ्ट ५ अंश उतरतोय, तर पुढच्या जोडाचा कोन २, आणि पिनियनचं तोंड ३ अंश वर असेल तर मागच्याही जोडाचा २, छान. दोन्ही कोनांत एक अंशापेक्षा जास्त फरक नको, प्रत्येक कोन शक्यतो ३ च्या आत, आणि शून्यही नको, किमान अर्धा अंश हवा कारण क्रॉसच्या सुया फिरल्या नाहीत तर एकाच जागी खड्डा पाडतात. पट्ट्याच्या स्प्रिंगवर ॲक्सल ताकद लागली की पिनियनचं तोंड वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवायचं, स्प्रिंगखाली पाचर टाकून होतं. शाफ्ट वरून पाहतानाही तिरका असेल तर तोही कोन मोजा, वरचा २ आणि बाजूचा १.५ असेल तर खरा कोन साडेतीन नाही, दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, २.५ येतो.

कोन पटले की मगच गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर आणि इंजिनाची माउंटिंग टॅक वेल्डवरून पक्की करा.

आणि आता, सगळ्यात शेवटी, शाफ्ट. कोणी कितीही म्हणो की जुना शाफ्ट अंदाजे दोन इंच कापला की बसेल, थांबा. योक आउटपुटला बसला पाहिजे, जीएमच्या टीएच३५० आणि ७००आर४ या ऑटोमॅटिकना २७ स्प्लाइन, टीएच४०० ऑटोमॅटिकला ३२, फोर्ड टी-५ ला २८, ट्रेमेकच्या टीकेएक्स या मॅन्युअल बॉक्सला ३१. योक आत टेकेपर्यंत ढकला, मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढा, ती त्याची जागा, ॲक्सल वर-खाली होताना एवढी सरकायला लागते. त्या जागी योकच्या क्रॉसच्या मध्यापासून डिफच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत मोजा आणि तेच माप शाफ्ट बनवणाऱ्याला द्या, मध्य ते मध्य असं स्पष्ट सांगून.

क्रॉस दोन टोकांना वेगळे असू शकतात. स्पायसर कंपनीच्या मापात १३१० नंबरच्या क्रॉसची वाटी, म्हणजे टोकावरची टोपी, २७ मिलिमीटर आणि रुंदी जवळपास ८२, १३३० ची वाटी तीच पण रुंदी ९२, १३५० ची वाटी ३०.२ आणि रुंदी ९२. पुढे एक आणि मागे दुसरं असेल तर एका आडव्या दांड्याला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं असे कन्व्हर्जन क्रॉस मिळतात. चालतात, पण टॉर्क खूप वाढवला असेल तर मी डिफचा योकच मोठा घेईन.

शाफ्टच्या लांबीला मर्यादा असते. लांब नळी एका ठराविक वेगाला दोरीउडीच्या दोरीसारखी मधून फुगते, आणि तो वेग लांबीच्या वर्गाने कमी होतो, लांबी दुप्पट की वेग पाव. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो हे विसरू नका, ०.६८ च्या पाचव्यात इंजिन ३००० वर असेल तर शाफ्ट ४४०० वर. लांब शाफ्टला जास्त व्यासाची नळी घ्या किंवा मध्ये बेअरिंग देऊन दोन तुकडे करा. बॅलन्स करून घ्याच, आणि पुढच्या क्रॉसच्या मागे एक लोखंडी कडी लावा, क्रॉस तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उचलली जात नाही.

स्पीडोमीटरची केबल असेल तर तिचे दाते पण काढा. मैलाला १००० फेऱ्यांची केबल धरून, वरच्याच गाडीत टायर मैलाला ७७७ फेऱ्या फिरतो, गुणिले ३.५५, गुणिले गिअरबॉक्समधल्या छोट्या गिअरचे ७ दाते, भागिले १०००, येतात १९.३, म्हणजे १९ दात्यांचा गिअर घाला. रिव्हर्स लाइटचा स्विच, हँडब्रेकची केबल नव्या क्रॉसमेंबरला अडते का, हे पण बघून घ्या.

पहिल्या चालवण्यात थरथर आली तर घाबरू नका, ती कशाबरोबर वाढते ते बघा. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, रेस वाढवली की थरथर येत असेल तर फ्लायव्हील, क्लच किंवा डॅम्परकडे बघा. ठराविक वेगालाच येते आणि तिथे न्यूट्रल केलं तरी राहते, म्हणजे शाफ्ट, चाक किंवा डिफ. उभ्यावरून निघताना, जोर लावताना घुर्रर्र होऊन थांबते, तर जवळपास नक्की पिनियनचा कोन. एकदा दोनशे किलोमीटर झाले की गाडी परत वर घ्या, फ्लेक्सप्लेट किंवा बेल हाउसिंगचे बोल्ट, क्रॉसमेंबरचे, डिफच्या योकचे पट्टे सगळे पान्याने तपासा, आणि योकच्या चकाकणाऱ्या नळीवर सीलने पाडलेली खूण बघा, त्या खुणेवरून योक खरंच किती आत-बाहेर जातोय ते कळतं, आणि आत टेकायला दहा मिलिमीटरपेक्षा कमी उरत असतील तर शाफ्ट परत काढून तेवढा कमी करून घ्या.